दुमड

ला पाझच्या चढणीच्या गल्लीत माझं दुकान,
समुद्रापासून साडेतीन हजार मीटर वर.
इथे मी आरमाराचे गणवेश शिवतो.
हसा. बाहेरचे सगळेच हसतात,
समुद्रच नाही त्या देशाला आरमार कशाला?
मी म्हणतो, आजोबाचं शेत गेलं म्हणून
कुणी विळा फेकून देतं का?

इलारियोन कायिसाया पहिल्यांदा आला
तेव्हा सतराचा होता. छाती एकोणऐंशी,
मनगटं बाहीबाहेर.
बाप तितिकाकावर मासे धरणारा,
त्यानं पैसे टोपीतून काढून मोजले,
दोनदा.
'जरा ढगळच शिवा,' म्हणाला, 'वाढेल.'

वाढला.
त्याची कारकीर्द मला बाहीवरून ठाऊक,
एक जरीची फीत, मग दोन,
मग जाड एक, जिला सुई वाकते.
बाकीचं तो तोंडानं सांगायचा,
माझ्या तोंडात टाचण्या असायच्या
म्हणून असेल.

मामोरेला पूर आला त्या वर्षी
गस्तीच्या नावेवरून एकशे चार गाई काढल्या त्यानं,
आणि एक बाई, जी इंजिनाच्या खोलीत बाळंत झाली.
कोट बाळाभोवती गुंडाळला. तो परत आला नाही.
नव्या कोटाची नांगराची अकरा बटणं
माझ्या वहीत अजून उधार आहेत.

लढाई झाली नाही.
तोफ उडवली ती सलामीला.
देसाग्वादेरोवर चोरट्या पेट्रोलची पिंपं पकडली,
एका पिंपाखाली सापडला त्याचाच मावसभाऊ.
त्या महिन्यात कंबर दोन बोटं उतरली,
मी काही विचारलं नाही.

आणि दर मार्चमध्ये चौकात संचलन,
पांढरे हातमोजे, बँड, भाषण,
समुद्र आम्ही परत मिळवू.
कापड उलटून एकदाच शिवता येतं.
तो ते वाक्य एकोणतीस वर्षं
इस्त्री करून घालत राहिला.
चौकात कुणाचंही हसू ऐकलं नाही मी.
म्हातारे तर रडायचे.

कमांडर असताना एकदा रजेवर
बसनं आरिकाला गेला, साध्या कपड्यांत,
बायको निएवेस बरोबर.
परदेशात पर्यटक म्हणून.
परतला तेव्हा तपकिरी विजारीची दुमड
पांढरी पडली होती.
मी ब्रश उचलला.
'राहू दे.'
मग बऱ्याच वेळानं, आरशाकडे पाहत,
'घोट्यापर्यंतच गेलो.
पुढे जायला कुणाची तरी
परवानगी लागेल असं वाटलं.'
निएवेसनं म्हणे ओंजळीनं पाणी चाखलं
आणि थुंकून म्हणाली, खारट आहे,
जणू ही बातमी
पहिल्यांदा तिलाच लागली.

गेल्या महिन्यात तो निवृत्त झाला, व्हाइस ॲडमिरल म्हणून.
मोठा समारंभ होता, मी गेलो नाही,
गुडघे.
आठवड्यानं तोच आला. हातात कागदी पिशवी,
पिशवीत ती विजार.
'लांब होतेय.'
विजार लांब होत नाही, इलारियोन,
हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुमड उसवली तर आत
चिमूटभर वाळू. करडी. तेरा वर्षांची.
त्यानं हात पुढे केला,
मग खिशात घातला.
मी विजार दोन बोटं वर घेतली
आणि बारीक टाक्यांनी
वाळू आत ठेवूनच शिवली.
बाहेरून दिसत नाही.

मग सवयीनं छाती मोजली.
टेप बराच उरला.
वहीत मी मागचाच आकडा लिहिला.

बटणांचा विषय त्यानं काढला नाही.
मीही नाही.